बजरीगरांना घेऊन लांबचा प्रवास : नागपूर ते पुणे, आणि पुढे परदेश?

वैदर्भी_घर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन बजरीगर (लहान जातीचे विदेशी पोपट) आहेत, चिकू आणि मिरी. आणले तेव्हा दुकानदाराने 'लव्हबर्ड' म्हणून दिले होते. आपल्याकडे सगळीकडे तसंच म्हणतात. खरे लव्हबर्ड वेगळे, हे नंतर कळलं. चिकूच्या नाकपुड्यांभोवतीची चामडी निळी, मिरीची तपकिरी, म्हणजे चिकू नर आणि मिरी मादी. साडेतीन वर्षं झाली. सकाळी कुकरची शिट्टी झाली की दोघं तिच्यावर आवाज चढवतात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नागपूर सोडून पुण्याला जातोय. सामान ट्रकने, आम्ही चौघं आपल्या गाडीने. नागपूरचा मे कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. ट्रकवाले म्हणाले, "पिंजरा द्या ना, फ्रीजच्या वर बांधून नेऊ." मला ते ऐकूनच कसंतरी झालं.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. डिसेंबरात आमच्या ह्यांना दोन-तीन वर्षांसाठी फ्रँकफर्टला जायचंय, आणि आम्हीही जाणार. सासूबाई म्हणतात, पाखरं आत्ताच कुणाला तरी देऊन टाक. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्यासमोर हा विषयही काढता येत नाही. बजरीगर विमानाने जर्मनीला नेता येतात का? कुणी नेलेत का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटवाट

ताई, ट्रकचं नाव काढू नका. मागे हवा नाही, पत्रा तापतो, आणि वाटेत काय झालं ते कळायला माणूस नाही.

मी पुणे-नांदेड वर्षातून दोनदा करतो, चार बजरीगर घेऊन. पहिल्या वेळी मोठा पिंजराच सीटवर ठेवला होता. भिगवणच्या आसपास एक म्हैस आडवी आली, ब्रेक मारला, आणि एक मादी या जाळीवरून त्या जाळीवर आपटली. नशिबाने पंखावरच निभावलं. तेव्हापासून प्रवासाला लहान पेटी. दोघांसाठी साधारण फूटभर लांब आणि आठ-नऊ इंच रुंद-उंच पुरे. पक्ष्याला वळता आलं पाहिजे, पंख झाडता आले पाहिजेत, पण उडायला वेग घेता येऊ नये. माणसाला हे क्रूर वाटतं, मलाही वाटायचं. पण लहान जागेत तो दांडी धरून बसतो, मोठ्या जागेत घाबरून भिरभिरतो आणि जखमी होतो.

दांडी एकच, लाकडी, खाली, तळापासून दोन इंचांवर, हलणार नाही अशी ठोकलेली. झोका, आरसा, घंटी सगळं काढा. तळाला पांढरा साधा कागद (वर्तमानपत्र नको, कारण खाली सांगतो). पेटी मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. पुढच्या सीटवर नको, एअरबॅग उघडली तर संपलं. एसीचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका.

पांढरा कागद कशासाठी, तर शी दिसण्यासाठी. बजरीगर आजारी असल्याचं चेहऱ्यावर दाखवत नाही. शिकार होणारा पक्षी आहे, कळपात अशक्त दिसला की ससाणा त्यालाच उचलतो. म्हणून तो शेवटपर्यंत ताठ बसतो. पण शी खोटं बोलत नाही. हिरवट-काळपट वेटोळं आणि मधे पांढरा ठिपका म्हणजे ठीक. घाबरला की पातळ होते, तासा-दोन तासांत सुधारली तर चिंता नाही. गडद हिरवी, चिकट, दाण्याचा अंश नसलेली दिसली की समजा पक्षी खात नाहीये. तिथे थांबा आणि खायला लावा.

पंखवैद्य

मी पशुवैद्य आहे, पक्षी बरेच बघतो. घाटवाट यांनी लिहिलंय ते बरोबर. उन्हाबद्दल मी लिहितो, कारण मे महिन्यात माझ्याकडे प्रवासातून येणारे बहुतेक पक्षी उष्माघाताचेच असतात.

बजरीगराचं वजन ३० ते ४० ग्रॅम, आणि शरीराचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे. घामाच्या ग्रंथी त्याला नाहीत. उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, एवढंच त्याच्या हातात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला आहे, त्यामुळे 'त्याला उन्हाची सवय असते' असं लोक मला सांगतात. रानातला बजरीगर भर दुपारी झाडाच्या सावलीत गप्प बसतो आणि पाणी आटलं की शेकडो मैल उडून दुसरीकडे जातो. पेटीतल्याला यातलं काहीच करता येत नाही.

उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते. बाहेर ४२ असताना आत किती होईल, बघा. जेवायला उतरलात तर पेटी बरोबर घ्या. हॉटेलवाला नाही म्हणाला तर आळीपाळीने जेवा. काचा थोड्या खाली ठेवून भागत नाही.

चोच उघडी दिसली तर सावली, हलका वारा, पायांवर साध्या पाण्याचा शिडकावा. बर्फाचं पाणी नको. आणि झोपेचं किंवा गुंगीचं औषध अजिबात देऊ नका, कुणी कितीही अनुभवी सांगू दे. एवढ्या लहान जिवात मात्रेचा अंदाज चुकायला थेंबसुद्धा लागत नाही, आणि गुंगीतला पक्षी दांडीवरून पडतो.

निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी दाण्याआधी वजन करा. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा लहान काटा ऑनलाइन मिळतो. नेहमीचं वजन माहीत असेल तर पोचल्यावर कळतं काय हरवलं. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे साडेतीन ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. त्या वेळी उद्याची वाट बघू नये.

सुगरणखोपा

पेटीवर कापड टाकायचं की नाही? माझी आई पूर्ण झाकते.

पंखवैद्य

तीन बाजू सुती ओढणीने झाकायच्या, एक उघडी. पूर्ण अंधार केला तर ते खात नाहीत, आणि काही तास खाणं बंद राहणं या जिवाला परवडत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर झाकलेलं चालेल, तेव्हा एरवीही ते झोपलेलेच असतात. उजाडलं की कापड वर करा.

रानजाई

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. ताईंच्या धाग्यामुळे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी सोलापूरहून मुंबईला जाताना मी माझा हिरवा नर एका खासगी बसने नेला. दुकानातून मिळालेलं भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं. कंडक्टर म्हणाला, वर पक्षी चालणार नाही, खाली डिकीत ठेवा, कितीतरी लोक ठेवतात. मी ऐकलं. रात्र होती, उन्हाळाही नव्हता. पहाटे खोकं हातात घेतलं तेव्हा ते हलकंच लागलं. आत तो कोपऱ्यात बसलेला होता, बसलेलाच. डिकीत इंजिनाची ऊब आणि डिझेलचा वास कोंडलेला असतो, हे मला नंतर कळलं.

पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा हवा फार जास्त ओढून घेतात. आपल्याला ज्याने डोकं दुखतं त्याने ते जातात. माणूस जिथे बसू शकत नाही तिथे पक्षी ठेवायचा नाही, एवढंच मला सांगायचंय. नाही म्हणाले तर उतरा. तिकिटाचे पैसे जाऊ देत.

घाटवाट

रानजाई, वाचून गलबलून आलं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

पंचगंगा_पाखरं

रानजाई ताईंचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

कोल्हापुरात आमच्या वडिलांपासून बजरीगरांची पैदास आहे, प्रदर्शनालाही नेतो. आमच्याकडची रीत सांगतो.

पेटीची सवय पंधरा दिवस आधी लावायची. पेटी मोठ्या पिंजऱ्याच्या दाराला लावून ठेवायची आणि राळ्याचं कणीस फक्त पेटीतच टांगायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःहून आत जातात. मग दार लावून घरातल्या घरात दहा मिनिटं, मग गाडीतून गल्लीला एक चक्कर, मग तासभर. प्रवासाच्या दिवशी हाताने पकडून कोंबायची वेळ आली तर निम्मी शक्ती तिथेच जाते.

खाणं : नेहमीचंच दाणं, पेटीच्या तळाला सांडून ठेवायचं. घाबरलेला बजरीगर उंच भांड्याकडे जात नाही, पण खाली उतरून टिपतो. राळ्याचं कणीस दांडीजवळ. पाण्याची वाटी हिंदकळून पक्षी ओला होतो, म्हणून गाडी चालू असताना काकडीचा जाड काप किंवा धुतलेल्या कोथिंबिरीची काडी अडकवायची, आणि दर दोन तासांनी थांबलं की दहा मिनिटं पाणी लावायचं. पाणी घरचं न्या. नवं पाणी, नवं दाणं, नवी जागा हे तिन्ही एकाच दिवशी नको.

सोबत कॉर्नफ्लोअरची पुडी ठेवा. नख तुटलं आणि रक्त आलं तर चिमूटभर दाबून धरायचं.

जोडी असेल तर एकाच पेटीत. वेगळं केलं तर दोघंही एकमेकांना हाका मारून दमतात. फक्त मादी अंड्यावर असेल तर प्रवासच पुढे ढकला.

परदेशाचं म्हणाल तर आधी पायात कडी आहे का बघा. बंद कडी पिल्लू आठवडाभराचं असतानाच घालता येते, त्यावर वर्ष आणि क्रमांक असतो. मोठ्या पक्ष्याला ती घालता येत नाही. बाहेर देशी कागदात 'हा तोच पक्षी' हे दाखवायला ओळख लागते, आणि आपल्या बाजारातले बहुतेक बिनकडीचे असतात.

नवशिका_नाशिक

या धाग्यात विचारतो, माफ करा. आमच्याकडे आजीचा पोपट आहे, लाल कंठीचा. त्यालाही असंच नेता येईल का?

पंखवैद्य

तो आपला रानातला पोपट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळायला, विकायला, न्यायला बंदी आहे, वय किंवा घरातलं प्रेम कितीही असो. वनविभागाशी बोला. लहानपणापासून पिंजऱ्यात असलेला पोपट परस्पर सोडून मात्र देऊ नका, तो बाहेर जगत नाही. बजरीगर विदेशी आणि पैदाशीचा, म्हणून त्याला हा कायदा लागत नाही.

आखातातून

दुबईहून लिहितोय. ताई, परदेशाच्या प्रश्नाला दोन बाजू असतात, 'निघू देतात का' आणि 'येऊ देतात का'. लोक पहिलीतच अडकतात.

भारतातून निघताना केंद्राच्या पशु विलगीकरण सेवेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद इथे त्यांची केंद्रं आहेत. एक दिलासा असा की, पोपटवर्गातले जवळजवळ सगळे पक्षी सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, पण बजरीगर त्यातून वगळलेला आहे, त्यामुळे तो परवाना लागत नाही. लोकांना वाटतं मग काहीच लागत नाही. तसं नाही. इथे यूएईत आणायचं तर इथल्या हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना आधी हवा, पक्षी विमानात बसण्याच्या आधी.

माझ्या हातात सगळे कागद होते. प्रवासाला नऊ दिवस असताना बर्ड फ्लूची बातमी आली आणि सगळं थांबलं. पक्षी दादरला भावाकडे राहिले, ते आजही तिथेच आहेत. बर्ड फ्लू हा या सगळ्यातला खरा दरवाजा आहे. आपल्याकडे तो पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. कोंबडीवाल्या देशांना त्याची धास्ती असते, आणि नियम करताना घरातली दोन पाखरं आणि कोंबड्यांचा ट्रक यात ते फारसा फरक करत नाहीत. मला तेव्हा राग आला होता. आता नवापूर आठवलं की कळतं.

परतताना हेच उलट होतं. बर्ड फ्लू जाहीर झालेल्या देशातून जिवंत पक्षी भारतात आणायला बंदी असते. म्हणजे नेलेत तरी दोन वर्षांनी परत आणता येतील याची खात्री धरू नका. ताईंचा मुक्काम दोन-तीन वर्षांचाच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

जर्सीकर

अमेरिकेचं एका वाक्यात सांगते : परदेशातून आलेल्या पाळीव पक्ष्याला इथल्या कृषी खात्याच्या केंद्रात ३० दिवस विलग राहावं लागतं, खर्च आपला, आणि तिथे भेटता येत नाही. महिनाभर अनोळखी हातात. मी माझी जोडी ठाण्याला बहिणीकडे ठेवली. दर रविवारी व्हिडिओवर माझा आवाज ऐकून नर अजून मान वाकडी करतो.

यारा_नदीकाठ

मेलबर्नहून. इथे घरचे पक्षी फक्त न्यूझीलंडमधून आणता येतात, बाकी जगातून नाही. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी इथून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तिथून ते जगभर घराघरांत गेले. आज पुण्यातला बजरीगर त्याच्या पणजोबांच्या देशात पाऊल ठेवू शकत नाही. इथे आतल्या भागात पावसानंतर हजारोंचा हिरवा थवा एकदम वळताना पाहिला, तेव्हा मला माझ्या डोंबिवलीच्या गॅलरीतला एकटा पिंजरा आठवला आणि फार वाईट वाटलं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की याला जोडीदार लागतो.

श्वार्झवाल्ड_देशस्थ

वैदर्भी ताई, मी जर्मनीत दहा वर्षं आहे, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो.

युरोपीय संघात मालकासोबत जास्तीत जास्त पाच पाळीव पक्षी येऊ शकतात, म्हणजे तुमच्या दोघांना संख्येची अडचण नाही. अडचण बर्ड फ्लूच्या अटींची. पर्याय साधारण असे : पोचल्यावर मान्यताप्राप्त केंद्रात ३० दिवस विलगीकरण, किंवा निघण्याआधी सरकारी देखरेखीखाली विलग ठेवून चाचणी, किंवा मान्यताप्राप्त लस. जो पर्याय घ्याल त्याचा कागद सरकारी पशुवैद्याच्या सहीचा लागतो, खासगी डॉक्टरचा चालत नाही. शिवाय पक्षी ठरावीक विमानतळांवरूनच आत येऊ शकतात. फ्रँकफर्ट त्यातलाच आहे, तिथे प्राण्यांसाठी वेगळी मोठी इमारत आहे.

पण विमान हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. बहुतेक कंपन्या केबिनमध्ये पक्षी घेत नाहीत. म्हणजे खालचा कक्ष. पेटी विमान वाहतूक संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे हवी : तिन्ही-चारी बाजूंनी हवा, चोच किंवा पाय अडकणार नाही अशी बारीक जाळी, बाहेरून भरता येईल अशी दाण्या-पाण्याची सोय, वर 'जिवंत प्राणी' असा शिक्का. खालचा कक्ष तापवलेला आणि दाबाचा असतो, विमान उडताना तिथे पक्षी तसा बरा राहतो. धोका असतो तो जमिनीवर, विमानतळावर सामानाच्या गाड्यावर वाट बघत ठेवलेल्या तासाभरात. डिसेंबरात मुंबईला तीस अंश, इथे शून्याच्या खाली. थेट विमान नसेल तर मी नेणार नाही.

इथे आलात आणि पक्ष्यांशिवाय करमेना, तर इथल्या प्राणी-आश्रयगृहांत सोडून दिलेले बजरीगर खूप असतात. जोडीनेच देतात. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा बजरीगर ठेवायला कायद्यानेच मनाई आहे.

वैदर्भी_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याला पोचलो, म्हणून सविस्तर लिहिते.

पेटी सुताराकडून करून घेतली, घाटवाट यांच्या मापाची. पंचगंगा दादा, कणसाची युक्ती तिसऱ्याच दिवशी लागू पडली, आधी मिरी गेली, मग तिच्यामागे चिकू. पहाटे तीनला निघालो. समृद्धीवर अंधारात दोघं एकमेकांना चिकटून झोपली होती. पावणेसहाला उजाडलं, कापड वर केलं, तर चिकूने आधी मला पाहिलं, मग खिडकीतून पळणारे दिवे पाहिले, आणि खाली उतरून दाणे टिपायला लागला. त्या टिकटिक आवाजाने माझा जीव भांड्यात पडला. महामार्गावर थांबायच्या जागा कमी आहेत, काकडीचे काप दोन जास्तीचे ठेवले होते ते उपयोगी आले.

दहाच्या आत संभाजीनगरला भावाकडे. दिवसभर तिथेच. वहिनी सांजेला धूप लावते, आणि नॉनस्टिक तव्यावर धिरडी घालणार होती. मला सांगायला संकोच वाटत होता, पण रानजाई ताईंचा प्रतिसाद आठवला आणि सांगितलं : तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतात. तिने काही न बोलता बिडाचा तवा काढला आणि धूप गच्चीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघून नऊला पुण्यात.

मुलीने वहीत शी मोजली आहे, दर थांब्याची. 'पातळ ३, बरी ७' अशी. वजन निघताना चिकू ३६, मिरी ३८. पोचल्यावर ३५ आणि ३६. चौथ्या दिवशी दोघंही पूर्ववत. पंखवैद्य सर, मिरीचे दोन ग्रॅम गेले त्या रात्री मी दर दोन तासांनी उठत होते.

पंखवैद्य

दोन ग्रॅम ठीक होते ताई. उठलात तेही ठीक केलंत. पिंजरा जुन्याच रचनेत लावा, दांड्या त्याच जागी. आणि निदान महिनाभर नवा पक्षी घरात आणू नका.

वैदर्भी_घर

फ्रँकफर्टचं ठरलं. नेणार नाही. आखातातून आणि देशस्थ दादांचं वाचल्यावर आम्ही चौघं जेवणानंतर बसलो आणि मुलीला सगळं वाचून दाखवलं, गाड्यावरचा तास, महिनाभराचं विलगीकरण, परत आणता येईल की नाही हे. तिने विचारलं, "त्यांना कळेल का आपण परत येणार आहोत?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

साताऱ्याची ताई घ्यायला तयार आहे. तिच्याकडे मागची खोली गार असते आणि मांजर नाही. गणपतीत दोघांना पंधरा दिवस तिकडे ठेवून बघणार आहोत, तीच पेटी, तेच कणीस. तिच्याकडे काटा नाही, म्हणून एक मागवलाय. मुलगी तिच्यासाठी नवी वही आखतेय.